आमच्या मेंढीकोटाचा वार

फ्रीगंजात आमच्या घरी बायकांचा मेंढीकोट चाले, पण त्याला ठरलेला वार नव्हता. पुरुषांचं बरं असतं. आमच्या यजमानांची मंडळी शनिवारी संध्याकाळी बसायची म्हणजे शनिवारीच बसायची, आणि कोणाच्या घरी सुतक आलं तरच खाडा व्हायचा. बायकांना असा वार कुठून मिळणार? आम्ही चौघी. त्यातल्या तिघींना दर महिन्याला कावळा शिवायचा आणि शिवला की चार दिवस बाजूला बसायचं; मग चूल नाही, देव नाही आणि पत्तेही नाहीत. शिवाय अमावास्येला आमच्यातल्या थोरल्या मावशी पत्ते पिसू देत नसत. संकष्टीला स्टेशनवाल्या वहिनींचा चंद्र उगवेपर्यंत उपास, आणि उपाशीपोटी त्या फार भांडत. श्रावणात सोमवारी महाकालाची सवारी निघाली की सगळं गाव तिकडे लोटायचं, त्यामुळे तो वारही हातचा जाई. या सगळ्यातून आठवड्याची एक दुपार शोधून काढायचं काम माझ्याकडे होतं.

माझ्याकडे होतं, कारण माझ्या घरात सासू नव्हती आणि माझं डोकं अशा बाबतीत फार चाले. कुठे लिहून ठेवायची सोय नव्हती, असल्या गोष्टी कोणी लिहितं का? डाव संपला, पत्ते गोळा झाले की मी म्हणायची, पुढचा मंगळवारी. मंगळवारच का, हे कोणी विचारत नसे. खरं सांगायचं तर त्या बायकांच्या नवऱ्यांना जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक असे. वहिनींना तिसऱ्या वेळी दिवस गेले ते मी त्यांच्या आधी ओळखलं आणि पानं वाटता वाटता सांगूनही टाकलं. त्यांनी मला गप्प केलं, आणि पुढे पेढे मात्र पहिले माझ्याकडे पाठवले.

बाजूला बसलेली बाई पत्ते का खेळू शकत नाही, यावर आमच्यात एकदा मोठा खल झाला होता. वहिनींचं म्हणणं, लांब बसून खेळली तर काय बिघडलं, पान तर नुसतं जमिनीवर टाकायचं असतं. मावशी आमच्यात वयानं मोठ्या, त्यांची स्वतःची कटकट कधीच संपलेली, त्यामुळे सोवळ्याओवळ्याचा निकाल त्यांनी द्यायचा. त्यांनी विचार करून सांगितलं की पोथी कागदाची असते आणि पोथीला विटाळ होतो, तेव्हा कागदाच्या पत्त्यांनाही होतोच. चौथी नसली की आम्ही तिघी मुकाट्यानं पाच-तीन-दोन खेळायचो.

पाच-तीन-दोन मला मुळीच आवडत नसे. त्यात जोडीदार नसतो. ज्याचा त्याचा हिशोब, आणि प्रत्येकीची नजर दुसरीच्या हातावर. मेंढीकोटात निदान समोर एक माणूस आपलं असतं, आणि माझं समोरचं माणूस म्हणजे रस्त्यापलीकडच्या घरातली सून. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, अजून मूलबाळ नव्हतं, बोलायला अगदी कमी. पण कोणती मेंढी, म्हणजे कोणती दश्शी, कोणाकडे असेल, हे तिला पहिल्या चार-पाच हातांतच कळायचं. तिची सासू कडक. पत्ते म्हणजे व्यसन असं त्यांचं मत होतं. तरी सुनेला आमच्याकडे यायला त्यांनी परवानगी दिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ही बाई आपल्या घरची काही बातमी काढून घ्यायला तर सुनेला पाठवत नाही ना?

हसू नका. तो काळच तसला होता. ग्वाल्हेरचं राज्य जाऊन मध्यभारत झाला त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि आता तोही मोडून नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, अशी बातमी आली. मग काय, कचेऱ्यांमध्ये जो तो दुसऱ्याला पाण्यात पाहू लागला. कोणाला भोपाळला नेणार, कोणाला इथेच ठेवणार, कोणाची जागाच उडणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. टावर चौकात दोन कारकून चहा पिताना दिसले तरी तिसऱ्याला वाटायचं की हे आपल्याविरुद्ध काही शिजवताहेत. आमच्या यजमानांनी मला बजावून ठेवलं होतं की पत्ते खेळताना भोपाळचं नाव काढायचं नाही. पुढे कळलं की प्रत्येकीच्या घरी हेच बजावलेलं होतं. फक्त वहिनी खुशाल विचारायच्या, कारण त्यांचे यजमान रेल्वेत, त्यांना भोपाळची धास्ती नव्हती. म्हणून मला त्यांचाही संशय यायचा की यांना कोणीतरी विचारायला लावलं आहे.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, आणि माझ्या हिशोबात पहिली चूक निघाली. मी दिवस सांगितला, आणि त्या सकाळी समोरच्या सासूबाईंनी ओसरीवरून हाक मारून कळवलं की सून येणार नाही, बाजूला बसली आहे. मी चाट पडले. ती तर पंधरवड्यापूर्वीच न्हाली होती. होतं कधी असं, म्हणून मी सोडून दिलं. पण पुढेही तेच झालं, आणि त्याच्या पुढेही. येऊन खेळायची तेव्हा चेहरा नेहमीसारखा, पानं नेहमीसारखी अचूक. फक्त मी पुढचा दिवस सांगितला की मान खाली घालायची.

मला वाटलं, ही आम्हाला टाळते आहे. त्या दिवसांत एका बड्या साहेबांच्या बंगल्यावर बायकांची रमी सुरू झाली होती, आणि बदल्यांच्या याद्या त्या साहेबांच्या हाताखालून जातात असा बोलवा होता. वहिनींजवळ मी नुसता शब्द टाकला, तर त्यांनी पुढचं सगळं जुळवून दिलं. म्हणाल्या, नवऱ्याची इथली जागा पक्की करायला ही तिकडे जात असणार, आणि आपल्याकडे कावळ्याचं निमित्त सांगत असणार. कावळ्याच्या निमित्ताला कोण काय विचारणार? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा नवरा आमच्या यजमानांच्याच कचेरीत. त्यांची जागा पक्की झाली की आमची हलणार, हे मला उघड दिसत होतं.

मग मी सापळा लावला. माझा हिशोब, आणि मीच त्यात फसते म्हणजे काय. तिचे खरे दिवस मला पक्के ठाऊक होते, त्यांपासून अगदी दूरची दुपार मी धरली आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगितली. तिनं बरं म्हटलं. त्या सकाळी पुन्हा ओसरीवरून हाक आली. मी यजमानांचं जेवण उरकलं, वहिनींना आणि मावशींना खेळ रद्द म्हणून निरोप पाठवला आणि पदर खोचून निघाले. समोरच्या दारानं गेले असते तर सासूबाईंनी तिथेच थोपवलं असतं, म्हणून मागच्या गल्लीनं गेले. बाजूला बसायची त्यांची खोली मागच्या बाजूला होती, गल्लीकडे छोटं दार होतं. ती घरात नसणार, बंगल्यावर रमी खेळत असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

ती खोलीतच होती. पोतं अंथरून बसली होती आणि मांडीवर पुस्तक होतं, आजूबाजूला आणखी दोन-तीन. भूमितीच्या आकृत्या मी लांबूनही ओळखल्या. मला पाहून ती इतकी घाबरली की तिला उठताही येईना. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर मावशींचा निकाल.

"अगं, या दिवसांत पुस्तकाला शिवलीस?"

तिनं दुसरं काहीही ऐकून घेतलं असतं, पण हे तिला सहन झालं नाही. पुस्तकं तिनं छातीशी धरली आणि म्हणाली, "शपथ घेऊन सांगते, पुस्तकं विटाळली नाहीत. मी खरी बसलेलीच नाही."

मग सगळं बाहेर आलं. लग्न झालं तेव्हा तिचं मॅट्रिक एका वर्षावर राहिलं होतं. सासऱ्यांना एकदा विचारून पाहिलं होतं, ते म्हणाले होते की चूल सांभाळा, तेवढं पुष्कळ झालं. माहेर इंदूरचं. भावानं तिकडून बाहेरची उमेदवार म्हणून तिचा अर्ज भरला होता आणि पुस्तकं आणून दिली होती. घरात माणसं भरपूर, सकाळी उठल्यापासून तिला खाली बसायला फुरसत नसे. फक्त बाजूला बसली की ती मोकळी. म्हणून ती महिन्यातून दोनदा बसू लागली.

"या चार दिवसांत मला कोणी पोळ्या मागत नाही," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. एक तर आम्ही बिचाऱ्या तिच्यापायी पाच-तीन-दोन खेळत बसलो होतो. आणि दुसरं म्हणजे मला तिच्याबद्दल भीती वाटली. मी तिला खडसावलं की जी बाई दर पंधरा दिवसांनी बसते तिला लोक आजारी म्हणतात, आणि जिला अजून मूल नाही तिला तर आणखी काय काय म्हणतात. तुझ्या सासूला एकदा वाटलं की रोगट मुलगी गळ्यात बांधली, की तुझी भूमिती जाईल चुलीत. ती म्हणाली, म्हणू देत. तिला काय म्हणू देत म्हणायला जातंय, असं मी मनात म्हटलं. कोणाला सांगणार नाही एवढा शब्द देऊन मी मागच्या गल्लीनं परत आले. वहिनींना सांगितलं की ती घरीच होती, खरंच बरं नाही. वहिनींचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. आता त्यांना माझाही संशय यायला लागला असणार.

संक्रांतीचं हळदीकुंकू समोरच्या घरी होतं. बायका तिळगूळ घेऊन एकेक करून उठल्या. मी उठले तशी सासूबाईंनी मला खुणेनं बसवलं. सुनेला त्यांनी वाण घेऊन शेजारी पाठवलं होतं. आतल्या खोलीत सासरे आरामखुर्चीत होते, दार उघडं होतं. मला तेव्हाच शंका आली. या बाईला एवढ्या जवळिकीनं बोलायची सवय नव्हती.

"तुम्ही तुमच्या खेळाचे दिवस लावता ना," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला ठाऊक असणार. हिची तबियत अशी पहिलेपासूनच होती, की आत्ता बिघडली?"

त्या हे काही हळू बोलल्या नाहीत. प्रश्न साधा नव्हता. पहिल्यापासून असं होतं म्हटलं, तर माहेरच्यांनी दुखणं लपवून मुलगी दिली असा अर्थ झाला, आणि मग तिची ट्रंक कायमची इंदूरला. असलं काही नाहीच म्हटलं, तर ती इतके दिवस खोटं बोलून चार-चार दिवस कामं चुकवत होती हे उघडं पडलं. आणि मला मनातून वाटत होतं की या बाईला सगळं आधीच कळलंय, आणि ही मला चाचपून बघते आहे. कोणत्या बाजूला पाय टाकला की ठेच लागेल, ते समजेना.

मी म्हटलं, काकू, पहिल्यापासून नव्हतं. अगदी बरोबर होतं, घड्याळ लावावं असं. हे थंडीपासून सुरू झालं. अशक्तपणा असेल, काम फार पडत असेल. त्यांनी विचारलं, मग काय करावं म्हणता? माझ्या डोक्यात एकदम आलं ते मी बोलून गेले: इंदूरला चांगल्या बाईडॉक्टर आहेत, दोन-तीन महिने माहेरी आराम पडला तर ठीक होईल. काकूंनी पुन्हा विचारलं, या वेळी आणखी मोठ्यानं.

"म्हणजे माहेरी पाठवावं, असं तुमचं मत आहे?"

"हो," मी म्हटलं. आत सासरे खाकरले. काकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मला वाटेला लावलं.

थोड्याच दिवसांत ती इंदूरला गेली. मला भेटायलाही आली नाही. मोटार गेल्यावर मला सुचलं की मी काय करून बसले. परीक्षेपुरतं पाठवायला मी कोण? पाठवणारे ते, आणि परत आणणारेही तेच. आपल्या तोंडानं आपण तिला आजारी ठरवलं, दोन माणसांसमोर, आणि आता त्यांनी आणलीच नाही तर? वहिनी सांगत आल्या की समोरच्यांकडे देवासचे कोणी पाहुणे येऊन गेले, बरोबर लग्नाची मुलगी होती. मी म्हटलं, आता कायदा झालाय, दुसरी बायको करता येत नाही. वहिनी म्हणाल्या, करायला लागतो कायदा, टाकून द्यायला कुठे लागतो? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. यजमानांना वाटलं की भोपाळच्या यादीचं काही माझ्या कानावर आलं आहे, आणि ते माझ्यावर डोळा ठेवून राहिले.

महिना गेला, दुसरा लागला. समोरच्या ओसरीवर काकू दिसायच्या, सुनेचं नाव काढायच्या नाहीत. मी विचारलं की ठीक आहे म्हणायच्या आणि आत जायच्या. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. खेळ मी बंद ठेवला होता. शेवटी मावशींनीच तगादा लावला की तिघी तर तिघी, पण बसू या, दुपार खायला उठते. म्हणून एक दिवस धरला. सतरंजी घातली, पाच-तीन-दोनसाठी मी पानं काढून बाजूला ठेवत होते, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि समोरच्या काकू वर आल्या.

आम्ही तिघीही उठून उभ्या राहिलो. त्यांनी आम्हाला हातानं खाली बसवलं आणि स्वतः माझ्या समोर, सुनेच्या जागेवर बसल्या. म्हणाल्या, काढलेली पानं परत घाला, मला मेंढीकोट येतो, माहेरी खेळत असे. माझा त्यावर विश्वास बसला नाही. मी पानं वाटली. त्यांनी ती उचलून अशी लावली की त्यांना खरंच येत होतं. दोन-तीन हात झाले. शेवटी वहिनींनाच राहवलं नाही, त्यांनी विचारलं की सूनबाईंची तबियत कशी आहे.

काकू पानांवरून नजर न काढता म्हणाल्या, "काल भूगोल झाला. उद्या गणित आहे. गणिताला ती घाबरते."

मावशींचं पान हातातच राहिलं. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी कसंबसं विचारलं की तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं. काकू म्हणाल्या, अहो, धुणं माझ्या डोळ्यांसमोर वाळतं, मला कोण फसवून राहिलंय? पहिल्याच खेपेला कळलं होतं. मग मात्र माझा तोल गेला. मग हळदीकुंकवाला मला उलटंसुलटं का विचारलंत, मला किती घोर लावलात, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं.

"मी तुम्हाला विचारतच नव्हते," त्या म्हणाल्या. "आत बसले होते त्यांना ऐकवत होते. माझं घरात कोण ऐकतं? बाहेरची बाई बोलली तर ऐकतात." त्यांनी एक पान काढलं, पुन्हा आत खोवलं. "आमच्याकडे सुनेला शिकायला माहेरी पाठवत नाहीत. आजारी पडली तर पाठवतात. पेपर संपले की मी स्वतः जाऊन आणणार आहे तिला."

मला काय वाटलं ते सांगते. आधी संताप आला, की एवढी माणसं पारखणारी मी, आणि या बाईनं मला पानासारखं खेळवलं. आणि मग एकाएकी मला माझी शाळा आठवली. माझी सहावी अर्ध्यात सुटली तेव्हा घरात चार बायका होत्या, आणि चौघीही खरं तेच बोलल्या होत्या. माझ्यासाठी एवढं खोटं कोणालाच बोलावंसं वाटलं नव्हतं. मला त्या सुनेचा हेवा वाटला, डोळे भरून यावेत इतका वाटला.

काकूंनी विचारलं, हुकूम काय धरलाय? मी सांगितला, पण इतक्या हळू की मला दुसऱ्यांदा सांगावा लागला.